लाकूड सरकतं कसं? तळोद्याच्या बैलगाडीपासून घरातल्या कोरीव यंत्रापर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की यंत्रदुरुस्तीचा वर्ग? थोडं हे, थोडं ते, असंच उत्तर द्यावं लागेल. कारण प्रश्न अगदी घरगुती आहे. कुणी लाकडावर नक्षी कोरणारं छोटं संगणकी यंत्र घेतलंय. चित्र तयार आहे, बिट गरगर फिरतंय, आवाज जोरात आहे, आणि फळी पुढे सरकत नाही. किंवा सरकते, पण गणपतीची सोंड एका जागी आणि डोळा बोटभर बाजूला. मिस्त्री येतो, म्हणतो, "फीडचा प्रॉब्लेम आहे." सॉफ्टवेअर पुन्हा टाकून होतं, केबल बदलून होते, आणि शेवटी यंत्रावर चादर पडते. अशी चादर पांघरलेली यंत्रं आम्ही पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की लाकूड कापणं हा प्रश्न माणसानं फार पूर्वी सोडवला. लाकूड घट्ट धरणं आणि हवं तेवढंच सरकवणं हा प्रश्न मात्र दोनशे वर्षं झाली तरी पूर्ण सुटलेला नाही. प्रत्येक नव्या यंत्रात तो वेष बदलून परत येतो. तो कुठून आला हे माहीत असेल, तर बिघाड कुठे शोधायचा हेही कळतं. म्हणून इतिहास.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. जिल्हा म्हणून नंदुरबार तसा नवा, १ जुलै १९९८ चा. पण लाकडाचा धंदा इथे जुना. १८८० सालचं खानदेशचं गॅझेटियर उघडलंत तर तळोद्याची ओळख लाकडाची मोठी पेठ म्हणून दिसते. सातपुड्यातून सागवान उतरायचं ते तळोद्याला. सोबत रोशा गवताचं तेल. आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या तळोद्याच्या, असंही तिथे नोंदवलेलं आहे. आता बैलगाडीचं चाक म्हणजे सुतारकामातली कठीण परीक्षा. तुंब्यात सगळे आरे सारख्या खोलीवर बसले पाहिजेत, घेर गोल आला पाहिजे, आणि वरून तापवलेली लोखंडी धाव चढवल्यावर सगळं आवळून एकजीव झालं पाहिजे. हे सगळं मोटार नाही, मोजणारा रोलर नाही, अशा दिवसांत.

मग तिथे फीड कोण करत होतं? माणसाचं शरीर. ओंडका चिरताना मोठी करवत घेऊन एक जण वर, एक जण खाली. ओंडका जागेवर, करवत पुढे. करवत अडकायला लागली की दोघांच्याही हातांना ते एकाच वेळी कळतं, आणि ओढ आपोआप कमी होते. बारीक कामात आपला सुतार जमिनीवर बसतो आणि फळी पायानं धरतो. विलायतेतला सुतार उभा राहून बाकाच्या शिकंजात लाकूड अडकवतो, आपला सुतार तळपाय आणि अंगठ्यानं दाबतो. काही साहेबांनी याला मागासलेपण म्हटलं. आम्हाला तसं वाटत नाही. शिकंजा धरतो, पण त्याला काही कळत नाही. पायाला कळतं. पटाशी उलट्या रेषेत शिरली की फळी पायाखाली थरथरते आणि सुतार तिथल्या तिथे थांबतो. धरणं, सरकवणं आणि चूक ओळखणं, ही तिन्ही कामं एकाच अवयवात होती.

नवापूर ओलांडून सोनगड-उच्छलच्या बाजूला गेलं, की गावित, वसावे, चौधरी समाजांत लाकडी मगरदेव दिसतात. हकू शाह आणि एबरहार्ड फिशर यांनी १९७१ साली त्यावर पुस्तकच केलं. अखंड लाकडातून घडवलेली ती मगर पाहताना आम्ही वाकसाच्या खुणा बघत होतो. प्रत्येक घाव वेगळ्या अंतरावर आहे. कारण दर घावानंतर माणसानं पाहिलंय, आणि मग पुढचा घाव कुठे तो ठरवलाय. यंत्राला नेमकं हेच जमत नाही. ते आधी ठरवतं आणि मग न पाहता घाव घालतं.

ही तिन्ही कामं शरीरातून काढून लोखंडात कशी गेली, ते आता बघू. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम नावाचा आरमारी अभियंता होता, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. १७९१ आणि १७९३ साली त्यानं लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटं घेतली. त्याच्याच पुढाकारानं पोर्टस्मथच्या गोदीत जहाजाच्या लाकडी कप्प्या यंत्रावर बनू लागल्या. यंत्रांची रचना मार्क ब्रुनेलची, घडण हेन्री मॉडस्लेची. १८०८ च्या सुमारास वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघत होत्या, आणि एकशे दहा कुशल कारागिरांचं काम दहा साधी माणसं करत होती, असं त्या काळचं गणित सांगतात. शिडाच्या जहाजाला कप्प्या शेकड्यांनी लागतात. त्याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंब मलबारच्या सागाची जहाजं बांधत होतं. १८१७ चं त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. सागाची ही भूक पुढे आपल्या शेजारी आली. १८४० च्या दशकात इंग्रजांनी डांगचं जंगल तिथल्या भिल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतलं. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या कामाचा माणूस मॉडस्ले. १८०० च्या सुमारास त्यानं लेथवर हत्यार हातात धरायचं बंद केलं. हत्यार एका सरकत्या घोडीवर बसवलं, आणि घोडी सरकवायला आट्यांचा लांब दांडा लावला, ज्याला आपण लीड स्क्रू म्हणतो. दांडा एक फेरा फिरला की घोडी एक आटा पुढे. फार नाही, फार थोडं नाही. हे पहिलं घराणं. याला आपण आट्याचं घराणं म्हणू. यात वस्तू पक्की जखडलेली असते आणि चाल आट्यांवर मोजली जाते.

दुसरं घराणं अमेरिकेचं. विल्यम वुडवर्थ नावाच्या न्यू यॉर्क राज्यातल्या माणसानं २७ डिसेंबर १८२८ ला रंध्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. फिरतं पातं एका जागी, आणि फळी रोलरांच्या मध्ये दाबून पुढे ढकललेली. पात्यात नवीन फारसं काही नव्हतं. खरा जीव होता त्या रोलरांत, कारण फिरतं पातं फळीला उचलून मागे फेकायला बघतं आणि रोलर तिला दाबून धरतात. हे पेटंट वाढत वाढत १८५६ पर्यंत चाललं, आणि त्याच्या मालकांनी देशभरच्या गिरण्यांना रडकुंडीला आणलं. हे रोलरचं घराणं. इथे वस्तू जखडलेली नसते, ती दोन दाबांच्या मधून प्रवास करते. म्हणून कितीही लांब फळी चालते, आणि म्हणूनच ती घसरूही शकते.

ही दोन घराणी लक्षात ठेवा. घरातलं कुठलंही कोरीव यंत्र यांपैकी एकाचं वंशज असतं, आणि बिघाडही घराण्याप्रमाणे येतो.

आता रोलर म्हटलं की नंदुरबारच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. आपण कापसाची आणि उसाची माणसं. जिनिंगमध्ये काय होतं? जुन्या चरकीत दोन रूळ कापूस ओढून घेत आणि सरकी मागे राही. मग फोन्स मॅकार्थीचं जिन आलं, १८४० चं अमेरिकन पेटंट. त्यात चामड्याचा रोलर, आणि त्याला टेकलेली पोलादी सुरी. आपल्याकडची रोलर जिनं त्याच जातीची. जिनिंगमधल्या फिटरला विचारा, उत्पादन घटलं की तो पहिल्यांदा काय बघतो. मोटार नाही बघत. तो रोलरवर हात फिरवतो. चामडं गुळगुळीत झालं, त्यातल्या खाचा भरल्या, की रुईचा धागा पकडला जात नाही. मग खाचा नव्यानं पाडायच्या, सुरीचा दाब पुन्हा लावायचा. हे त्याचं रोजचं काम.

आणि ऊस. शहाद्याच्या बाजूला पुरुषोत्तमनगरचा कारखाना ज्यांनी आतून पाहिलाय त्यांना हे माहीत असेल. गाळप चालू असताना रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके मारतात. का? ऊस घसरू नये म्हणून. गुळगुळीत रोलर म्हणजे बंद पडलेला कारखाना. म्हणजे जे ज्ञान कोरीव यंत्राच्या चोपड्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, ते आपल्या जिल्ह्यात जिनिंगच्या फिटरच्या तळहातात आहे. फक्त लाकडाच्या यंत्रासमोर उभं राहिल्यावर आपण त्याला हाक मारत नाही, संगणकवाल्याला मारतो.

कोरीव कामाकडे येऊ. सपाट फळी रंधायला ठरावीक वेगाची चाल पुरते. नक्षीला पुरत नाही. तिथे चाल सतत बदलते. १८१९ साली थॉमस ब्लँचर्डनं बंदुकीचे लाकडी दस्ते कापायचा लेथ केला. नमुन्यावर एक चाक फिरतं आणि शेजारच्या लाकडावर पातं तीच वळणं कापतं. पुढे १८४५ मध्ये लंडनला थॉमस जॉर्डननं कोरीव यंत्राचं पेटंट घेतलं. ब्रिटिश पार्लमेंटची नवी इमारत तेव्हा उभी राहत होती, आणि आतलं लाकडी कोरीवकाम डोंगराएवढं होतं. जॉर्डनच्या यंत्रात कापणारी हत्यारं फक्त वर-खाली होत. सरकायचं ते टेबल. त्यावर मधे नमुना, बाजूंना कोऱ्या फळ्या, आणि टेबल सरकवणारा माणूस. नमुन्यावरून फिरणारी बोथट सुई कुठे चढली, कुठे उतरली, हे त्या माणसाला हातात जाणवायचं आणि तो वेग कमी-जास्त करायचा. शेवटचा हात फिरवायला पटाशीवाले कारागीर होतेच. आम्हाला हे यंत्र फार आवडतं, कारण यात कापण्याची मेहनत वाफेकडे गेली पण फीड माणसाकडेच राहिलं. घसरलं तर त्याला लगेच कळायचं.

तो माणूसही बाजूला झाला १९५२ साली. मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स या कारखानदाराच्या डोक्यात कल्पना आली, अमेरिकन हवाई दलानं १९४९ मध्ये कंत्राट दिलं, आणि बोस्टनजवळच्या एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेनं सप्टेंबर १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं. लाकूड नाही, धातू. पण तत्त्व तेच. आज आपण यंत्राला जी आज्ञावली देतो, तिच्यातलं एफ हे अक्षर फीडचंच आहे. एफ हजार लिहिलं की मिनिटाला हजार मिलिमीटर.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. त्या १९५२ च्या यंत्राला टेबल खरोखर किती सरकलं हे उलट कळवणारी व्यवस्था होती. सुताराच्या पायाचं काम तिथे विजेच्या उपकरणानं केलं होतं. ती व्यवस्था महाग. पुढे अर्ध्या शतकानं हे तंत्र घराघरात आलं. २००५ चा आर्डुइनो, २००९ ची जीआरबीएल नावाची मोफत आज्ञाप्रणाली, आणि त्यावर चालणारी हजारो चिनी छोटी यंत्रं. स्वस्त कशामुळे झालं? बाकी गोष्टींबरोबर ही उलट निरोपाची व्यवस्था काढून टाकली गेली, हे मोठं कारण. या यंत्रात स्टेपर मोटर असते. मेंदू तिला सांगतो, शंभर पावलं चाल. ती नव्वद चालून अडकली, तरी मेंदूच्या वहीत शंभरच लिहिलेली. यंत्र आपल्याच हुकमावर विश्वास ठेवून पुढे कोरत राहतं.

म्हणून आट्याच्या घराण्यातल्या यंत्राचा बिघाड कसा दिसतो? नक्षी एका रेषेपर्यंत अगदी बरोबर, आणि तिथून पुढे सगळीच्या सगळी सरकलेली. जिन्याची पायरी पडावी तशी. ही पायरी दिसली की चित्र निर्दोष, फाइल निर्दोष. त्या क्षणी काहीतरी अडलं होतं. बिट बोथट होतं, एका फेऱ्यात खोली जास्त घेतली होती, केबल कुठे ताणली गेली, किंवा मोटर आणि आट्यांचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा छोटा ॲलन स्क्रू सैल झाला. शेवटचं कारण सर्वांत स्वस्त आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा सापडणारं. यंत्र बंद करा, प्लग काढा, दांड्यावर आणि मोटरच्या दांडीवर पेननं एकेक रेघ मारा. काम झाल्यावर रेघा समोरासमोर नसतील तर चोर सापडला. गोल काढायला सांगितलं आणि तो किंचित चपटा आला, दिशा बदलताना प्रत्येक वेळी थोडी चूक झाली, तर आट्यांच्या नटाला प्ले आलाय. तो वेगळा रोग.

रोलरच्या घराण्याचं घरगुती रूप म्हणजे टेक्सासमधल्या कंपनीचं कार्व्हराइट. २००६-०७ च्या सुमारास ते बाजारात आलं, सिअर्स दुकानांतून कॉम्प्यूकार्व्ह नावानं विकलं गेलं. दिसायला छोट्या रंधायंत्रासारखं. साडेचौदा इंच रुंद फळी त्यात जाते, आणि लांबी बारा फुटांपर्यंत चालते, कारण फळी जखडलेलीच नसते. खाली पॉलिश पेपरसारखे खरखरीत पट्टे, वरून दाबणारे रबरी रोलर, आणि फळीखाली एक छोटा पितळी रोलर, जो फळी खरोखर किती सरकली ते मोजतो. वुडवर्थचा दाब आणि सुताराच्या पायाची जाणीव, दोन्ही एका पेटीत. हे यंत्र आपल्याकडे विरळाच. पण अभ्यासाला उत्तम, कारण त्याचा प्रत्येक फीडचा बिघाड जिनिंगच्या फिटरला ओळखीचा वाटेल.

पहिलं बघायचं पट्टे. भुसा आणि डिंक बसून ते गुळगुळीत झाले, की पकड गेली. दुसरा दाब. डोकं खाली आणायचा दांडा फिरवला म्हणजे पुरेसा दाब आलाच असं नाही. या यंत्राच्या जाणकारांची एक साधी युक्ती आहे, न्हाणीघरातला वजनकाटा डोक्याखाली ठेवून दाब मोजायचा. साधारण ८० पौंड, म्हणजे ३६ किलोच्या आसपास यावा. तिसरी गोष्ट, बाजूची पट्टी फळीला फार आवळून लावली की फळी घासत जाते आणि रोलर जागच्या जागी फिरतो. आणि चौथी, फळी दोन्ही टोकांना नक्षीपेक्षा साडेतीन-साडेतीन इंच जास्त लांब हवी, नाहीतर टोक एका रोलरमधून सुटतं आणि फळी वाकडी होते. सागाचे तुकडे वाचवायच्या नादात आपण नेमकी हीच लांबी कापतो.

पितळी रोलरबद्दल मात्र थोडा हिशेब करू. समजा त्याचा व्यास १० मिलिमीटर आहे आणि त्याच्यावर सगळीकडून ०.१ मिलिमीटर भुशाचा थर बसला. व्यास झाला १०.२. आता प्रत्येक फेऱ्याला फळी दोन टक्के जास्त सरकते, पण यंत्र जुन्याच मापानं मोजतं. ६०० मिलिमीटरच्या नक्षीत १२ मिलिमीटरची चूक. पायरी पडत नाही, कुठे अडत नाही, नक्षी फक्त हळूहळू ताणली जाते. घसरण असते तेव्हा गंमत वेगळी. पट्टे फिरताहेत आणि मोजणारा रोलर स्थिर, हे यंत्राला कळतं आणि ते थांबून तक्रार करतं. ते थांबलं म्हणून आपण चिडतो. चिडू नये. न थांबणारं यंत्र फळीचा जीव घेतं.

मघाशी मागून एकांनी विचारलं, की मग वेग कमी ठेवला तर हे सगळे प्रश्न सुटतील ना? नाही सुटत. फ्रेडरिक टेलरनं १९०६ मध्ये धातू कापण्यावर मोठा निबंध वाचला, त्यात वेग आणि फीड यांचं नातं त्यानं वर्षानुवर्षं प्रयोग करून मांडलं होतं. लाकडालाही तोच हिशेब. बिट मिनिटाला १०,००० फेरे फिरतं, त्याला दोन धारा आहेत, आणि फीड १,००० आहे, तर एक धार ०.०५ मिलिमीटरचा छिलका काढते. फीड २०० केलंत तर ०.०१. एवढ्या बारीक खुराकात धार कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, बिट तापतं, धार जाते, आणि धार गेली की अडथळा वाढतो. म्हणजे हळू चालवून आपण अडकण्याचीच तयारी करत असतो. भुशाकडे बघावं. हातात घेतल्यावर छिलके लागले तर ठीक, पिठासारखा असेल तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा.

आता साग. या यंत्रांची चोपडी परदेशी पाइन, मेपल डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. सागाचं तसं नाही. त्यात तेलकट अंश असतो. म्हणून तर त्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. पण तोच अंश भुशाला चिकट करतो, आणि तो भुसा पट्ट्यावर, रोलरवर, आट्यांवर थापला जातो. शिवाय सागात वाळूचेच बारीक कण असतात, सिलिका. त्यानं बिट लवकर बोथट होतं. चोपड्यात सफाई महिन्यानं लिहिली असेल, तर सागाच्या माणसानं ती दर फळीनंतर करावी. आट्यांना ग्रीस कमी, ब्रश जास्त. आणि हवा. नवापूरचा पावसाळा आणि शहाद्याचा मे महिना यांत एकच फळी दोन वेगळ्या आकारांची असते. उन्हातून आणून लगेच यंत्रात घातली तर ती पन्हळीसारखी वळते, पट्ट्याला फक्त दोन कडांनी टेकते, आणि पकड निम्मी होते. सपाट पट्टी आडवी ठेवून उजेड दिसतो का ते आधी बघा.

हे सगळं इतक्या बारकाईनं का सांगतोय, तर आपल्याकडे फळी म्हणजे नुसती फळी नसते बऱ्याचदा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, अक्राणी आणि अक्कलकुव्याची. सुरुवात मणिबेलीपासून. तिथली घरं सागाच्या खांबांची होती, आणि माणसं उठली तेव्हा अनेकांनी घरं उतरवून लाकूड सोबत आणलं. तळोद्याजवळच्या सोमावलसारख्या वसाहतींत नवी घरं उभी राहिली तेव्हा त्यांत जुन्या घरांचे खांब होते. काही उरलेले खांब, तुळया अजून पडवीत आहेत. आता नातू म्हणतो, याच्यावर आजोबांच्या घराचं चित्र कोरून दारावर लावू. ही फळी वखारीत पुन्हा मिळत नाही. तिथे बिट ताणलं जाऊन पायरी पडली, तर दुसरी आणू म्हणता येत नाही. कर्जावर घेतलेलं यंत्र आणि पाण्याखालून वाचलेलं लाकूड, यांपैकी कुणाचा पहिला प्रयोग कुणावर करायचा, हे नीट ठरवायला हवं.

असं लाकूड यंत्राला सगळ्यात अवघड. त्यात जुने खिळे तुटून आत राहिलेले असतात. लोहचुंबक सगळीकडून फिरवा, मग कोरा. कडा सरळ नसतात, जाडी सारखी नसते, मधे भोकं असतात. रोलरच्या यंत्रात अशी फळी थेट घातली, तर पितळी रोलर एखाद्या भोकात डगमगणार आणि मोजमाप चुकणार. यावर जुनाच उपाय आहे. तिच्यासाठी पाट बनवायचा. खाली एकसारख्या जाडीची सरळ प्लायवूड फळी, दोन्ही बाजूंना फळीपेक्षा किंचित उंच सरळ पट्ट्या, आणि मधल्या खोबणीत आपलं जुनं लाकूड, पाचर मारून पक्कं. आता रोलर दाबतात पट्ट्यांना, पट्टे पकडतात प्लायवूडला, मोजणारा रोलर फिरतो प्लायवूडखाली. जुन्या लाकडाला बिटाशिवाय कुणी हात लावत नाही. आट्याच्या यंत्रातही हाच पाट टेबलाला चार स्क्रूंनी आवळता येतो, फक्त स्क्रू बिटाच्या वाटेत येणार नाहीत एवढं बघायचं. पाचर ठोकायला मात्र गावातला म्हातारा सुतार बोलवा. ती किती ठोकली म्हणजे लाकूड धरतं आणि कधी फुटतं, हे तो आवाजावरून सांगतो.

आणि पहिल्यांदा नक्षी कोरायची नाहीच. त्याच पाटात तेवढ्याच जाडीचा टाकाऊ साग बसवा, दोन आडव्या रेघा ३०० मिलिमीटर अंतरावर कोरायला सांगा, आणि पोलादी पट्टीनं मोजा. ३०० आले तर पुन्हा एकदा कोरा, यावेळी संध्याकाळी, जेव्हा गावातली व्होल्टेज खाली येते तेव्हा. दोन्ही वेळा ३०० आले, तर आजोबांचा खांब पाटात घ्या.